बांध गेला, घळ वर चढली : सातमाळा रांगेच्या पायथ्याच्या एका शेताचे प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या एका शेताचे आहे. गावाचे व माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मृदसंधारणाच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचे या शेतावर पाच पावसाळे जाणे-येणे झाले. त्या काळात घेतलेले निर्णय, त्यातले चुकलेले आणि साधलेले, घडले त्या क्रमाने येथे मांडले आहेत.

पार्श्वभूमी

शेत दोन सख्ख्या भावांचे, सुमारे चार एकर. त्याच्या वरच्या अंगाला चुलतभावाचे तीन एकर, त्याच्याही वर चुलतभावाच्याच मालकीचा गवताळ उतार आणि मग वनखात्याची हद्द. शंभर फुटांना चार-पाच फूट असा जमिनीचा उतार. नुसत्या डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही, पण पाण्याला पुरेसा होतो. खरिपात सोयाबीन आणि मका, पाण्याची सोय होईल तेवढ्या तुकड्यात टोमॅटो आणि कांदा, असे पीक. मातीचा थर वीतभर ते हातभर, रंगाने तांबूस-तपकिरी. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक.

हा थर इतका पातळ का आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. दख्खनचा हा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तयार झाला. सगळे थर सारखे टणक नसतात. काही घट्ट, काळेभोर, फोडताना घणाला दाद न देणारे. तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले आणि त्या पोकळ्यांत पांढऱ्या चकाकत्या स्फटिकांचे खडे भरलेले. विहीर खणताना हे खडे निघतात आणि पोरे ते गोळा करून ठेवतात. घट्ट थर कड्याच्या रूपाने उभा राहतो, सच्छिद्र थर लवकर झिजून उतार होतो, आणि म्हणूनच सातमाळेचे डोंगर दुरून पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. याच रांगेतल्या धोडप किल्ल्याच्या माथ्यावर भिंतीसारखा उभा असलेला कातळ याच झिजेची साक्ष देतो. जुन्या थरांना पडलेल्या भेगेत लाव्ह्याचा रस शिरून गोठला, पुढे भोवतीचा खडक झिजून गेला आणि तो कठीण पट्टा तेवढा मागे उरला.

पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या सांध्यांत मुरते. तेथे खडकातील खनिजांची हळूहळू चिकणमाती होते, लोहाला गंज चढतो, आणि चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजून ते गोल होऊ लागतात. मुरमात सापडणाऱ्या गोट्यांना कांद्यासारखे पापुद्रे असतात ते यामुळेच. एक पापुद्रा सुटतो, भुगा होतो, त्यात मुळे शिरतात, आणि अशा रीतीने बोटभर माती साठायला काही शतके लागतात. भावांच्या शेतातली वीतभर माती आली ती अशी.

ती तिथे टिकली होती, कारण आजोबांच्या काळात दोन्ही शेतांच्या मध्ये दगड-मातीचा एक रुंद बांध घातलेला होता. पूर्वेच्या टोकाला चपट्या दगडांनी बांधलेला सांडवा होता आणि जादा पाणी त्यातून कडेच्या ओढ्याला जात असे. लेखकाच्या पहिल्या भेटीच्या नऊ वर्षे आधी वाटणी झाली. हद्दीचे अकरा दगड रोवले गेले आणि त्यांवर लाल ऑइलपेंटने खुणा केल्या. त्याच सुमारास बैल गेले व ट्रॅक्टर आला. बांध कोरणे हा आपल्याकडच्या भाऊबंदकीतला जुना विषय. येथे दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढी जमीन बांधातून शेतात ओढली गेली, आणि कोणी कोणाला बोलले नाही, कारण दोघेही तेच करीत होते. पुढे थोरल्या भावाने घराच्या जोत्यासाठी बांधातला दगड काढून नेला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच, विचारण्याआधी, सांगितली. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच होता आणि घेताना तो कोणालाच निर्णय वाटला नव्हता.

समस्या

एका वैशाखात वळवाचा जोराचा पाऊस आला. कोरलेला बांध मध्यभागी, जिथे जमीन किंचित खोलगट होती, तिथे फुटला. तोवर तीन एकरांचे पाणी बांधाला टेकून, वेग मोडून, सावकाश सांडव्याकडे जात असे. आता ते एका भगदाडातून एकवटून भावांच्या शेतात उतरले. पहिल्या वर्षी पाऊलभर खोलीचे दोन-तीन ओघळ पडले आणि नांगरटीत ते बुजवले गेले. दुसऱ्या वर्षी त्यांचा एकच ओघळ झाला व तो गुडघ्याइतका खोल गेला. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर ओलांडू शकणार नाही अशी घळ तयार झाली आणि शेताचे दोन तुकडे पडले.

पाण्याच्या वेगाचे गणित येथे निर्दय असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सिद्धान्ताने ६४ पटींपर्यंत वाढते. त्यामुळे पसरून वाहणारे पाणी फक्त गढूळ होते, तर तेच पाणी एका जागी गोळा झाले की मुरूम उचलते आणि पुढे गोटेही लोटते. केवळ पावसाच्या वार्षिक आकड्यावरून हे कळत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि नाशिक शहरात ७०० च्या आसपास; पण उघड्या, नुकत्या नांगरलेल्या उतारावर तासाभरात कोसळलेली वळवाची एकच सर दिवसभराच्या रिपरिपीपेक्षा जास्त माती नेते.

घळ वाढत होती ती वरच्या दिशेने, आणि हा मुद्दा समजायला सर्वांनाच वेळ लागला. पाणी खाली वाहते, म्हणून नुकसानही खाली सरकत असेल, असे भावांना वाटे. प्रत्यक्षात घळीच्या वरच्या टोकाला एक लहानसा धबधबा तयार होतो. पडणारे पाणी पायथ्याचा मऊ मुरूम पोखरते, वरची मुळांनी धरलेली माती काही काळ सज्जासारखी अधांतरी राहते, आणि मग भाकरीचा तुकडा मोडावा तशी कोसळते. टोक हातभर मागे सरते व तीच क्रिया पुन्हा सुरू होते. अशा रीतीने ती घळ तीन पावसाळ्यांत ४२ मीटर लांब झाली होती आणि तिचे टोक जुन्या बांधाच्या रेषेपासून पाच पावलांवर येऊन ठेपले होते. आणखी एका पावसाळ्यात ती चुलतभावाच्या शेतात शिरली असती.

पहिला उपाय आणि त्याचे अपयश

लेखक तेथे पोहोचण्यापूर्वी भावांनी जेसीबी आणून घळ मुरमाने बुजवली होती. एका दिवसात काम झाले, शेत पुन्हा सलग दिसू लागले, आणि घरातल्या सर्वांना हायसे वाटले. मृगाच्या हलक्या पावसात काही झाले नाही. आर्द्रात एका रात्री जोर धरल्यावर मात्र सकाळपर्यंत घळ पूर्वीच्याच जागी, पूर्वीपेक्षा रुंद होऊन उघडी पडली, आणि भरलेला सगळा मुरूम खालच्या एक एकर सोयाबीनवर पसरला. वरची माती गेली ती गेलीच, खालची चांगली जमीनही मुरमाड झाली.

अपयशाची कारणे साधी होती. भरलेला मुरूम सैल होता, थराथराने दाबलेला नव्हता. त्याला धरून ठेवणारे एकही मूळ नव्हते. आणि मुख्य म्हणजे पाणी येण्याची वाट तीच होती, तिचा वेगही तोच होता. घळ हा जखमेचा खपला आहे असे समजून ती झाकली गेली. तिच्यात येणारे पाणी कुठून येते हे कोणी वर चढून पाहिले नव्हते. जेसीबीच्या भाड्यासाठी धाकट्याने सोसायटीचे पैसे मोडले होते, आणि पुढच्या सगळ्या चर्चेवर त्या खर्चाचे सावट राहिले. कोणताही नवा उपाय सुचवला की "पहिल्यासारखं होणार नाही कशावरून?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि तो रास्त होता.

मोजणी : दिसणारे आणि न दिसणारे नुकसान

पहिल्या भेटीत सर्वांचे बोलणे घळीभोवतीच फिरत होते. लेखकाचेही लक्ष तिच्याकडेच होते. परतताना हद्दीच्या एका दगडापाशी थांबलो, तेव्हा लाल रंगाची खालची कड जमिनीपासून वर सुटलेली दिसली. वाटणीच्या वेळी रंग मातीला टेकेपर्यंत लावला होता, हे थोरल्यांना पक्के आठवत होते. मग अकराही दगडांपाशी पट्टी धरली. कुठे अर्धा सेंटिमीटर, कुठे अडीच. सरासरी दीड सेंटिमीटर माती नऊ वर्षांत खाली गेली होती. बांधाच्या कडेच्या जुन्या बोरीची मुळे उघडी पडली होती, तीही हेच सांगत होती.

हिशेब तिथेच वहीत मांडला. घळ ४२ मीटर लांब, सरासरी दोन मीटर रुंद, एक मीटर खोल, म्हणजे तिने नेलेली माती आणि मुरूम मिळून ८० घनमीटरांच्या थोडे वर. चार एकर म्हणजे सुमारे १६,००० चौरस मीटर, आणि त्यावरचा दीड सेंटिमीटर म्हणजे २४० घनमीटर. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत तीन घनमीटर धरले, तर ८० ट्रॉल्या. कडेच्या दगडांवरून मधल्या शेताचा अंदाज करणे ढोबळच, पण फरक इतका मोठा होता की ढोबळपणाने निष्कर्ष बदलत नव्हता. ज्या घळीसाठी झोप उडाली होती, तिच्या तिप्पट माती कोणाच्याही डोळ्यांत न येता गेली होती, आणि तीही सर्वांत वरची, शेणखत पडलेली, जिवंत माती. हेक्टरी वर्षाला हे प्रमाण वीस टनांच्या पुढे जाते. देशासाठी १९८३ मध्ये मांडला गेलेला सरासरी अंदाज हेक्टरी सुमारे १६ टनांचा होता.

ही माती जाते कशी, ते घराच्या भिंतीवर दिसत होते. चुना लावलेल्या भिंतीच्या बुडाशी हातभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे होते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो, ढेकूळ फोडतो आणि कण उडवतो. सपाट जागी उडालेला कण इकडेतिकडे पडतो. उतारावर मात्र प्रत्येक वेळी थोडा खालीच पडतो. फुटलेल्या कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते, आणि मग पातळ पडद्यासारखे वाहणारे पाणी तो सगळा भुगा घेऊन निघते.

तो जातो कुठे? ओढ्याने कादवा नदीला, कादवेवरच्या पालखेड धरणात, आणि त्यातून सुटलेला बारीक भाग पुढे नांदूरमध्यमेश्वरला, जिथे कादवा गोदावरीला मिळते. तेथील बंधाऱ्यामागे शंभरहून अधिक वर्षे साचत आलेल्या गाळानेच ती उथळ पाणथळ घडली आहे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तिची घोषणा झाली, आणि हिवाळ्यात नाशिककर तेथे पक्षी पाहायला जातात. त्या गाळात कोणाकोणाच्या शेताची वरची कड आहे, हा विचार या मोजणीनंतर लेखकाच्या मनातून गेलेला नाही.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय घळीच्या टोकाशी काँक्रीटची भिंत किंवा तारेच्या जाळीत दगड भरून बांधलेला गॅबियन बांध, हा होता. धाकट्याला तो पसंत होता, कारण तो एका जागी, एकदाच आणि दिसेल असा होता. पण वरून येणारे पाणी न रोखता उभी केलेली भिंत बाजूने वळसा खाते. पाणी तिच्या कडेची मऊ माती कापून नवी घळ पाडते व भिंत मध्येच उभी राहते. खर्चही कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता.

दुसरा पर्याय सरकारी मोजणी करून बांधाचा वाद तहसीलदारांपर्यंत नेण्याचा. कायद्याने तो मार्ग मोकळा होता आणि गावात तसा सल्ला देणारेही होते. परंतु निकाल लागेपर्यंत दोन-तीन पावसाळे गेले असते. शिवाय उपाय जिथे करायचा ती जमीन चुलतभावाची होती. त्यांना प्रतिवादी केल्यावर त्यांच्याच शेतात काम करायची परवानगी मागता आली नसती.

तिसरा पर्याय धरणातला गाळ आणून पसरण्याचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून राज्यात आहे आणि गाळ जमिनीला मानवतो हे खरेच. पण बांध नसलेल्या उतारावर गाळ टाकणे म्हणजे आपलीच गेलेली माती भाडे भरून परत आणायची आणि पुढच्या पावसात पुन्हा त्याच धरणाकडे रवाना करायची. हा पर्याय नाकारला नाही, पुढे ढकलला.

उतार कापून सपाट टप्पे पाडावेत आणि द्राक्षे लावावीत, अशीही एक सूचना होती. मातीचा थर वीतभर असताना तो उलथून मुरूम वर आणण्याला लेखकाने स्पष्ट विरोध केला, आणि थोरल्यांनी तो विषय लगेच मिटवला.

उरला तो माथ्यापासून पायथ्याकडे येण्याचा पर्याय. वरच्या गवताळ उतारावर समतल चर, मधला बांध सांडव्यासह नव्याने, आणि शेवटी घळीत लहान लहान अनघड दगडी बांध. यात एकच अडचण होती, आणि ती तांत्रिक नव्हती.

निर्णायक बैठक

चुलतभाऊ वयाने मोठे, त्यांना दोघेही 'नाना' म्हणतात. पाच-सहा वर्षे दोन्ही घरांत कामापुरते बोलणे होते. थोरले आधी एकटेच त्यांच्या ओट्यावर गेले आणि म्हणाले, "नाना, बांधातला दगड मी काढला, चूक माझी. भरून मी देतो. पण तुमच्या रानात पाय ठेवू द्या." त्यानंतरच बाकीच्यांना बोलावणे आले.

नानांचा आक्षेप खरा शेतकऱ्याचा होता. "बांध उंच केला की पाणी माझ्या रानात तुंबणार. माझी सोयाबीन पिवळी पडली तर कोण बघणार?" बांध म्हणजे पाणी अडवणे, एवढेच तोवर सर्वांच्या डोक्यात होते. बांधाला ओढ्याच्या दिशेने अगदी किंचित उतार द्यायचा, म्हणजे पाणी थांबत नाही, फक्त चालीने जाते, आणि सांडव्याची पातळी नानांच्या पिकाला धक्का लागणार नाही इतकी खाली ठेवायची, हे जमिनीवर काठी आणि दोरी धरून दाखवले. सांडव्याची उंची कोण ठरवणार, यावर तासभर गेला. अखेर ती नानांनी ठरवावी, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी तुंबल्यास त्यांनी ती स्वतः कमी करावी, असे ठरले. या एका सवलतीवर सगळे पुढचे काम उभे राहिले. कागद केला नाही. करायला हवा होता, असे आज वाटते.

केलेली कामे

उन्हाळ्यात काम माथ्याकडून सुरू झाले. वनखात्याच्या हद्दीत हात लावता येत नव्हता, म्हणून नानांच्या गवताळ उतारावर ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या, इंग्रजी 'ए'च्या आकाराच्या चौकटीने) समान पातळीची रेषा आखून ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर खणले आणि निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला रचली. मधला बांध तळाला रुंद ठेवून थराथराने, पाणी मारून, धुमसाने ठोकून घातला. जोत्यात गेलेल्या दगडाइतका दगड थोरल्यांनी ओढ्यातून आणून सांडव्याला लावला.

घळीत सात अनघड दगडी बांध घातले. त्यांची जागा ठरवण्याचा नियम सोपा आहे : खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा, म्हणजे पाण्याला मध्ये पुन्हा वेग घ्यायला उतारच उरत नाही. प्रत्येक बांध मध्यभागी खोलगट आणि कडांना उंच, म्हणजे पाणी मधूनच ओलांडेल. दोन्ही टोके काठात हातभर रोवलेली, आणि मोठे दगड खालच्या अंगाला. बांधावर व चराच्या काठावर मारवेल गवताची ठोंबे, वाळा आणि निर्गुडीच्या काड्या लावल्या.

येथे लेखकाच्या दोन चुका झाल्या. ठोंबे वेळेवर मिळाली नाहीत, तेव्हा लागवड पुढच्या वर्षावर न ढकलता श्रावणाच्या अखेरीस उरकली, आणि पाऊस उघडल्यावर त्यांतली जवळपास निम्मी वाळली. आणि पाचव्या दगडी बांधाचे पश्चिमेचे टोक काठात पुरेसे रोवले गेले नव्हते. संध्याकाळ झाली होती, मजूर थकले होते, आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर टाकली ती राहूनच गेली. परतीच्या पावसात पाण्याने नेमके तेच टोक शोधले व तो बांध बाजूने कापला गेला.

वाऱ्याचा प्रश्न

पाण्याचे काम मार्गी लागल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात धाकट्याच्या पत्नीने एक गोष्ट दाखवली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत कचकच येत होती, आणि शेताच्या पूर्वेकडच्या कुंपणाच्या बुडाशी पिठासारख्या मऊ मातीची लांबच लांब ओळ साचली होती. चैत्र-वैशाखातला पश्चिमेचा वारा शेत उचलून नेत होता, आणि मृदसंधारणाचे काम करणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

वारा माती तीन प्रकारे नेतो. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे कण जमिनीवरून घरंगळतात. त्याहून लहान, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचे, उड्या मारत जातात, आणि प्रत्येक उडीच्या शेवटी आदळून आणखी कण सुटे करतात. सर्वांत बारीक कण, ज्यांत कस असतो, ते हवेत तरंगत शेताबाहेर निघून जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची माती वाहून नेण्याची क्षमता सुमारे आठपट होते. कातळाला वाऱ्याने भोक पाडले, असे गडांवरची नेढी पाहून लोक म्हणतात. तिथे पाणी, सांधे आणि खडकाचा मऊ-कठीणपणा यांचाच वाटा मोठा असतो. पण भुसभुशीत, उघड्या शेतात वाऱ्याला कोणाची मदत लागत नाही.

शेत इतके भुसभुशीत केले होते रोटाव्हेटरने. टोमॅटो निघाल्यावर मार्चमध्येच रोटाव्हेटर मारायचा आणि जूनपर्यंत रान तयार ठेवायचे, अशी धाकट्याची पद्धत. त्याची बाजूही ऐकण्यासारखी होती : मार्चमध्ये ट्रॅक्टर मोकळा मिळतो आणि उन्हाळी नांगरटीने किडींचे कोष उन्हात मरतात. दुसरा मुद्दा अगदी बरोबर असल्यामुळे त्याला धक्का न लावता मार्ग काढला. नांगरट करायची, पण उताराला आडवी, आणि ढेकळे तशीच मोठी ठेवायची. रोटाव्हेटर पहिला पाऊस पडून गेल्यावरच. मक्याच्या पट्ट्यात धसकटे उभी ठेवायची. पश्चिमेच्या बांधावर शेवरी आणि गिरिपुष्पाची दुहेरी ओळ लावली. अशी ओळ थोडी विरळच बरी, कारण भिंतीसारख्या दाट आडोशामागे वारा भोवरे घेत खाली उतरतो. विरळ ओळ तिच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते.

परिणाम

तीन पावसाळ्यांनंतर घळीचे टोक जागच्या जागी आहे. सातपैकी सहा दगडी बांधांमागे गाळ भरून पायऱ्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या दोन पायऱ्यांवर गेल्या वर्षी मका उभा होता. पाचवा बांध पुन्हा घातला आहे. नानांच्या शेतात पाणी तुंबले नाही. उलट सांडव्याची उंची त्यांनी स्वतःच चार बोटे वाढवली. खालच्या विहिरीला पाणी जास्त दिवस टिकते असे भाऊ सांगतात. त्यांतले दोन पावसाळे बऱ्यापैकी झाले होते, म्हणून याचे सगळे श्रेय कामाला देणे लेखकाला प्रामाणिक वाटत नाही.

मुरूम पसरलेला खालचा एक एकर अजून सावरलेला नाही. बांध पक्का झाल्यावर तिथे दोन वर्षे गाळ टाकला, पण पीक बाकीच्या शेतापेक्षा ठेंगणेच राहते. शेवरी कमरेएवढी झाली आहे. कुंपणाच्या बुडाची ओळ यंदा निम्म्याहून कमी भरली. धाकट्याने एका वर्षी लग्नाच्या घाईत मार्चमध्येच रोटाव्हेटर मारला, तेव्हा ती पुन्हा पूर्ण भरली होती.

वेगळे काय करता आले असते

बांध फुटला त्याच वर्षी, घळ पाऊलभर खोल असताना, चार माणसांच्या दोन दिवसांच्या कामाने भगदाड बुजले असते. त्या वेळी अडथळा होता तो नानांशी बोलण्याचा. बैठक तीन वर्षे आधी झाली असती, तर जेसीबीही आला नसता आणि खालचा एकरही वाचला असता. नांगरटीने ओघळ बुजवणे हीसुद्धा एक फसवी सोय होती, कारण दरवर्षी खूण मिटत गेली आणि वाढ कोणाला मोजता आली नाही.

लेखकाच्या बाजूने पाहता, वाऱ्याची पाहणी पहिल्याच उन्हाळ्यात व्हायला हवी होती. मृदसंधारण म्हणजे पाणी, ही सवय इतकी पक्की असते की आपण शेत पाहायला जातोच पावसाळ्याच्या तोंडावर, वैशाखातल्या दुपारी नव्हे. घरातल्या बायकांना पहिल्या भेटीत काही विचारले नाही, ही त्याहून मोठी चूक. कुरडयांतली कचकच त्यांना तीन वर्षे माहीत होती. गवताची ठोंबे मागवण्याची तयारी फाल्गुनातच व्हायला हवी होती. वनखात्याच्या हद्दीतल्या उतारासाठी ग्रामसभेतून मागणी करण्याचे काम दोनदा ठरले आणि दोनदा मागे पडले. त्या उतारावरून येणारे पाणी चरांमध्ये अजूनही पहिल्या अर्ध्या तासातच तुडुंब भरते.

यंदा मृगापूर्वी थोरल्यांनी अकराही दगडांवर, मातीला टेकवून, नवी पांढरी रेघ ओढली. दिवाळीनंतर आम्ही दोघांनी पट्टी धरली. नव्या बांधालगतच्या तीन दगडांपाशी माती रेघेच्या वर आली होती, सहांपाशी रेघ आणि माती जिथल्या तिथे होत्या. ओढ्याच्या बाजूच्या दोन दगडांपाशी मात्र ती अजून तीन-चार मिलिमीटर खाली गेली आहे. त्या दोन दगडांच्या वर नानांच्या शेतातली पायवाट येते आणि वाटेचे पाणी तिथे उतरते. तिला आडवे दोन दगडी पट्टे टाकायचे या उन्हाळ्यात ठरले आहे. दगड नाना देणार आहेत.